घरी केलेला ओम्नी अँटेना (१४५ मेगाहर्ट्झ): ग्राउंड प्लेन, स्लिम जिम की सरळ विकतचा?

नवा_व्हीयू३
राम राम मंडळी. हॅम रेडिओचं (हौशी बिनतारी संपर्काचं) लायसन्स एकदाचं हातात आलं, रिस्ट्रिक्टेड ग्रेड, त्यामुळे मोर्सची कटकट नव्हती. ५ वॅटची चिनी हँडी (हातात मावणारा रेडिओ सेट) आहे. कोथरूडला सात मजली सोसायटी, आपण तिसऱ्यावर, समोर दुसरी बिल्डिंग. हँडीसोबत आलेल्या रबरी अँटेनावर रिपीटर (आपला आवाज उचलून पुढे पाठवणारं स्टेशन) कधी लागतो कधी नाही. बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात कठड्याबाहेर हात काढून उभं राहिलं तर लागतो, आणि तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडून विचारतं की मोबाइल पडला का.

तर गच्चीवर ओम्नी (सगळ्या दिशांना सारखा चालणारा अँटेना) लावायचा विचार आहे. यागी (एकाच दिशेचा) नको कारण रिपीटर एका बाजूला, हडपसरचे दोघं दुसऱ्या, तळेगावचा मित्र तिसऱ्याच, तो फिरवायला रोटेटर कुठून आणू. ग्राउंड प्लेन, जे-पोल, स्लिम जिम, कोलिनिअर, डिस्कोन सगळ्यांचे व्हिडिओ बघून डोकं बधिर झालंय. गच्चीपासून खोलीपर्यंत केबल २५ मीटर तरी लागेल. घरी करावा की विकत घ्यावा? केला तर कुठला? सोल्डरिंग येतं, बाकी कारागिरी बेताचीच. सेक्रेटरींशी बोलणं व्हायचंय अजून.

तारवाला
अभिनंदन भाऊ! विकत बिलकुल घेऊ नका, पहिला अँटेना घरीच करायचा. ग्राउंड प्लेन करा, दुपारभरात होतो.

लागतं काय, तर एक एसओ-२३९ चेसिस सॉकेट, चार भोकांच्या चौकोनी पट्टीचं. आणि पितळी ब्रेझिंग रॉड, वेल्डिंगवाल्याकडे मिळतात. मधल्या पिनच्या वाटीत एक रॉड उभा सोल्डर करायचा, चार भोकांत एम-३ चे स्क्रू आणि आयलेट लग लावून चार रेडियल (बाजूच्या काड्या), आणि ते ४५ अंशात खाली वाकवायचे. रेडियल पट्टीला थेट सोल्डर करायच्या भानगडीत पडू नका, पट्टी सगळी उष्णता खाऊन टाकते आणि तोवर सॉकेटमधलं प्लॅस्टिक वितळतं.

मापं: १४५ ला तरंगलांबी साधारण २.०७ मीटर, तिचा चौथा भाग ५१.७ सेंमी, त्याच्या ९५ टक्के धरा म्हणजे ४९. पण कापताना ५२ ठेवा आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा, १ म्हणजे उत्तम) बघत बघत कमी करा. १ सेंमी कापला की रेझोनन्स (अँटेना जिथे जुळतो ती फ्रिक्वेन्सी) जवळपास ३ मेगाहर्ट्झ वर सरकतो आणि आपला अख्खा बँडच १४४ ते १४६ आहे, त्यामुळे पक्कड नको, कानस घ्या. रेडियल ५२ च्या आसपास असले की झालं, तिथे एवढा काटेकोरपणा लागत नाही.

सॉकेट खालून १ इंची पीव्हीसी पाइपात बसवा, केबल पाइपातूनच खाली येऊ द्या. कनेक्टर पाइपाच्या आत राहिला की पावसाची अर्धी चिंता मिटली.

बाकरवडी
मी हॅम नाही पण धागा वाचतोय. रेडियल ४५ अंशातच का? दिसायला छान म्हणून?

तारवाला
@बाकरवडी, रेडियल आडवे सरळ ठेवले तर अँटेनाचा इम्पिडन्स (विद्युत अडथळा) ३६ ओहमच्या आसपास येतो. खाली वाकवत नेलं की वाढतो, ४५ ला ५० च्या जवळ येतो, आणि आपली केबल आणि सेट दोन्ही ५० ओहमचे. अगदी सरळ खाली नेले तर तो डायपोलच झाला, ७३ ओहम. म्हणजे जुळणी करायला वेगळं काही लावावंच लागत नाही, वाकवलं की झालं.

लॅमिंग्टनकर
ग्राउंड प्लेन चांगलाच आहे पण फ्लॅटवाल्याला चार काड्या बाहेर आलेलं ते प्रकरण लावू कोण देणार. स्लिम जिम करा. जुन्या टीव्हीच्या अँटेनाची चपटी ३०० ओहमची वायर आठवते का, दूरदर्शनच्या काळातली? ती दीड मीटर, एका बाजूला छोटी फट, खालून काही सेंटीमीटरवर फीड (केबल जोडायची जागा), झालं. रेडियल नाहीत. गुंडाळून बॅगेत टाका, ट्रेकला न्या, झाडाला टांगा. फ्रेड जड नावाच्या ब्रिटिश हॅमने १९७८ मध्ये आणला हा प्रकार आणि अजून त्याला तोड नाही. ती वायर आता जुन्या दुकानांतच मिळते, आमच्या लॅमिंग्टन रोडला दोन ठिकाणी विचारलं की तिसऱ्या ठिकाणी निघते, तुमच्याकडे पासोड्या विठोबाजवळ बघा.

घाटावरचा
स्लिम जिम हा जे-पोलचाच भाऊ आणि जे-पोलचा आजोबा झेपेलिन हवाई जहाजातून खाली लोंबकळायचा, जर्मन पेटंट १९०९ चं. म्हणजे सगळे मिळून शंभर वर्षांपूर्वीचीच तार वळवतोय.

अवांतर: एसी दुरुस्तीवाल्याकडून तांब्याच्या नळीचे तुकडे घेऊन जे-पोल करा, वाऱ्यापावसात हलत नाही. मोठा दांडा १४७ सेंमी, छोटा ४९.

चक्रधर
सगळे अँटेनावर तुटून पडलेत आणि २५ मीटर केबल कुठली हे कोणी विचारलंच नाही. भाऊ, केबल कुठली घेणार आहात?

नवा_व्हीयू३
दुकानदाराने आरजी-५८ सांगितली. बारीक असते, वळते, ५० ओहमची आहे, सगळे हीच नेतात म्हणाला.

चक्रधर
वाटलंच. १४५ वर आरजी-५८ चा लॉस १०० मीटरला साधारण २० डीबी (डेसिबल) धरा. २५ मीटरला ५ डीबी. ५ वॅटमधले दीड वॅट वर पोचतील, बाकीचे साडेतीन केबल तापवण्यात जाणार. आणि ऐकतानाही तेवढाच मार, हे लोक विसरतात. स्लिम जिम की ग्राउंड प्लेन यात फरक पडला तर एखाद-दोन डीबीचा, त्यावर तुम्ही चार पोस्टी खर्च केल्यात आणि इकडे ५ डीबी गटारात. आरजी-२१३ घ्या, १०० मीटरला ९ च्या आत. किंवा पैसे असतील तर एलएमआर-४००, ५ च्या आसपास.

बाकरवडी
आरजी-२१३ चा भाव विचारला आत्ता उत्सुकता म्हणून. हँडीपेक्षा केबल महाग होतेय हो.

डिशवाला
मग डिशची केबल वापरा ना, आरजी-६. स्वस्त, कुठेही मिळते, लॉस १०० मीटरला ७ च्या आसपास, म्हणजे २१३ पेक्षाही कमी.

सदाशिव_पेठी
आरजी-६ ही ७५ ओहमची असते. पन्नास ओहमच्या सेटला पंचाहत्तर ओहमची केबल लावायची नसते, हे परीक्षेत पण विचारतात. उगाच नवीन माणसाला काहीही सांगू नये.

डिशवाला
परीक्षेत विचारतात म्हणून लॉस वाढत नाही साहेब. ७५ ला ५० म्हणजे एसडब्ल्यूआर दीड. दीडला परत येणारी पॉवर ४ टक्के. चार! आणि तुमच्या पुस्तकी ५० ओहमच्या आरजी-५८ मध्ये ७० टक्के जाते त्याचं काय.

सदाशिव_पेठी
आणि त्या केबलची जाळी ॲल्युमिनिअमची असते, तिला सोल्डर कसं लावणार ते सांगा आधी. शिवाय दीड हे फक्त अँटेनापाशी, सेटपाशी केबलच्या लांबीप्रमाणे सव्वादोनपर्यंत जाऊ शकतं.

पॉपकॉर्न_३_वॅट
(खुर्ची ओढून बसलो.)

जुना_हॅम
दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका रे.

सव्वादोनपर्यंत जाऊ शकतं हे खरं. त्यावर दोन उपाय. एक म्हणजे केबल अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत कापायची, फोमवाल्या आरजी-६ मध्ये ती साधारण ८५ सेंमी येते, मग वरचे ५० ओहम खाली ५० च दिसतात. पण फोमची जात बदलली की हे माप बदलतं आणि २५ मीटरमध्ये चूक साचत जाते. दुसरा उपाय सोपा. तारवालाने वर सांगितलंच आहे की रेडियल खाली नेले की इम्पिडन्स वाढतो. मग ४५ वर थांबायचंच कशाला, आणखी खाली न्या, ७० च्या जवळ आणा, केबलशी जुळलं. सेटकडे दीड राहील, लांबी कितीही असो. हँडी दीडला कुरकुर करत नाही. दांड्याची लांबी मात्र वाकवल्यावर परत तपासायची.

ॲल्युमिनिअमच्या जाळीला सोल्डर लागत नाही हेही खरं. डिशवाले वापरतात ते दाबून बसवायचे एफ कनेक्टर घ्यायचे आणि पुढे ॲडॉप्टर.

मी स्वतः आरजी-२१३ वालाच, पण ते सवयीने.

नवा_व्हीयू३
काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. मित्राकडे नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) आहे, तो आणतो. म्हणजे खाली खोलीत बसून एसडब्ल्यूआर बघत बघत मित्राला वर कापायला सांगायचं, बरोबर?

चक्रधर
नाही!! केबलच्या खालच्या टोकाला मोजाल तर लॉसवाली केबल खोटं सांगते. परत येणारी पॉवर जाताना एकदा आणि येताना एकदा मार खाते, म्हणजे खाली एसडब्ल्यूआर मस्त १.३ दिसतो आणि वर अँटेना तुटून पडलेला असू शकतो. केबल जेवढी खराब तेवढा मीटर खूश. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर पण १.१ असतो, त्यावर डीएक्स (लांबचा संपर्क) होतं का.

नॅनोव्हीएनए गच्चीवर न्या, छोटी वायर लावा, त्या वायरच्या टोकाला ओपन-शॉर्ट-लोड कॅलिब्रेशन करा आणि मग अँटेना. कापताना हात लांब ठेवा, तुमचं शरीर जवळ असलं की आकडे नाचतात.

कोकणकडा
रत्नागिरीकडून. अँटेना कुठलाही करा हो, पावसाचं बघा. पाणी अँटेनाला काही करत नाही, पाणी केबलमध्ये शिरतं. जाळीच्या तांब्यातून वर-खाली चढत जातं आणि दोन पावसाळ्यांत केबल आतून काळी. वरून सगळं झकास दिसतं. पीएल-२५९ (केबलच्या टोकाचा प्लग) वॉटरप्रूफ नाही, नसतोच, त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळायची आणि वर साधी काळी टेप, उन्हासाठी. मधल्या पिनपाशी सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरचा वास येणारं स्वस्त सिलिकॉन नको, त्यातलं ॲसिड तांबं-पितळ खातं. न्यूट्रल क्युअर मागून घ्या. खिडकीतून आत घेण्याआधी केबलला खाली एक झोका द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल, स्विचबोर्डावर नाही.

आणि आमच्याकडे वानरं. चार रेडियल म्हणजे त्यांना चार हँडल. म्हणून मी जे-पोलवाला, वर घाटावरच्याने लिहिलंय तसा, तांब्याचा. त्यावर बसतात पण वाकवू शकत नाहीत.

घाटावरचा
वानर बसल्यावर एसडब्ल्यूआर किती येतो?

कोकणकडा
वानराच्या आकारावर आहे. मोठा हुप्प्या असेल तर रिपीटरच बंद.

लॅमिंग्टनकर
@तारवाला, चार रेडियल लागतातच का? बाल्कनीवाल्यांना दोनच परवडतात.

तारवाला
दोन समोरासमोर असले तरी चालतं. याची गंमत म्हणजे ग्राउंड प्लेन ज्याने केला, आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीचा जॉर्ज ब्राउन, १९३० च्या दशकात, त्याचा मूळ अँटेना दोनच रेडियलचा होता असं सांगतात. पण विक्रीवाल्यांना पटेना की दोन काड्यांवर चारी दिशांना सारखं जाईल, गिऱ्हाईक काय म्हणेल, म्हणून आणखी दोन लावल्या. तेव्हापासून सगळी दुनिया चार लावते.

सदाशिव_पेठी
म्हणजे ऐंशी-नव्वद वर्षं लोक मार्केटिंगची पितळी कांडी फुकट विकत घेतायत. वा.

गणितीबाई
मी नवऱ्यामुळे या छंदात ओढली गेले आणि आता नवरा लांब उभा राहतो. उंचीचा हिशोब कोणी दिला नाही म्हणून देते. व्हीएचएफ (आपलं १४५ त्यातच येतं) जवळजवळ सरळ रेषेत जातं, रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये = ४.१२ गुणिले उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ. दोन्ही टोकांचं वेगवेगळं काढून बेरीज. सात मजली गच्ची साधारण २५ मीटर धरली तर २०.६ किमी. समोरचाही तेवढ्याच उंचीवर असेल तर ४१. तिसऱ्या मजल्यावर ९ मीटर, तर १२ किमी, आणि तेही समोर बिल्डिंग नसेल तर. कळसूबाईवर, १६४६ मीटर, एकट्या शिखराचंच १६७ किमी येतं, म्हणून तिथे रबरी अँटेनावरही लांबलांबची मंडळी लागतात आणि लोकांना वाटतं आपला सेट भारी.

हा सपाट जमिनीचा हिशोब आहे, पुण्यात टेकड्या आहेत, तेव्हा तळेगावचं लिहून देत नाही.

बाकरवडी
दुकानात '६ डीबी गेन ओम्नी' असं लिहिलेले असतात. सगळीकडे सारखं जातं तर गेन कुठून आला?

गणितीबाई
छान प्रश्न. वर आकाशात आणि खाली जमिनीत जाणारं कमी करून आडवं पसरवलं, म्हणून गेन. पोळी लाटताना जाडी कमी झाली की घेर वाढतो, पीठ तेवढंच. त्यासाठी अँटेना लांब करावा लागतो, कोलिनिअर ते हेच करतात. आता हातभर उंचीच्या काठीवर ६ डीबी लिहिलं असेल १४५ ला, तर ते पीठ कुठून आलं ते दुकानदारालाच विचारा. आणि घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याने फार चपटा घेऊ नये, रिपीटर डोक्यावरच्या डोंगरावर असतो.

उपग्रहप्रेमी
म्हणूनच साधा ग्राउंड प्लेन स्पेस स्टेशनला बरा पडतो. १४५.८०० वर अधूनमधून स्लो स्कॅन टीव्हीची चित्रं पाठवतात, क्षितिजाच्या थोडं वर असताना या चार काड्यांवर सुरेख येतात. डोक्यावर आलं की गायब, तिथे टर्नस्टाइल किंवा क्यूएफएच जातीचा अँटेना पाहिजे. आपला हॅमसॅट उपग्रह आठवतो का कोणाला? इस्रोने मे २००५ मध्ये पीएसएलव्ही-सी६ वरून सोडला, २०१४ पर्यंत चालला. काय दिवस होते.

टेक्सासकर_मूळचा_नगरचा
इथे होम ओनर्स असोसिएशन नावाची सोसायटी असते, ती तुमच्या सेक्रेटरीची सासू. छपरावर काही दिसलं की पत्र येतं. मी माळ्यावर, छपराच्या आत, स्लिम जिम टांगलाय. कौलं डांबरी आहेत म्हणून चालतं, पत्रा असता तर संपलं होतं.

प्रश्नचिन्ह
बाळबोध शंका, राग नसावा. खिशात मोबाइल असताना हे सगळं कशासाठी?

जुना_हॅम
राग कसला. २००१ ला भुजला फोन बंद पडल्यावर हॅम्सच होते. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांची टीम हौसेने पोर्ट ब्लेअरला सेट लावून बसली होती, जगभरच्या हॅम्सना अंदमानशी बोलायचं होतं म्हणून, आणि त्सुनामी आली. हौसेचं स्टेशन तासाभरात संपर्काचं स्टेशन झालं. पण खरं सांगू का, आम्ही काही रोज त्याच्यासाठी बसत नाही. सकाळी चहा घेताना नाशिकचा माणूस स्वतः वळलेल्या तारेतून 'काय म्हणता' म्हणतो, त्यासाठी बसतो.

चक्रधर
विजेचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवायची. मास्ट बिल्डिंगच्या अर्थिंगला जाड पट्टीने जोडा, आणि गच्चीवर वीजरोधक असेल तर अँटेना त्याच्यापेक्षा खालीच ठेवा. थेट वीज पडली तर यातलं काही वाचवत नाही, आजूबाजूला पडली तर वाचवतं.

सोसायटी_पीडित
सेक्रेटरीला 'अँटेना' हा शब्द सांगू नका. त्यांच्या डोक्यात मोबाइल टॉवर येतो, मग रेडिएशन, मग जनरल बॉडी. लायसन्सची प्रत घेऊन जा, आणि अर्धा मीटर काठी दाखवा हातात धरून. आमच्याकडे एका काकूंनी विचारलं याने आमची सिरीयल दिसायची बंद होईल का. मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या मग काय उपयोग.

नवा_व्हीयू३
मंडळी, धागा वर काढतोय कारण अँटेना लागला!

सेक्रेटरींकडे प्रत आणि काठी दोन्ही घेऊन गेलो. त्यांनी काठी उलटीपालटी करून बघितली, हेच का ते म्हणाले, आणि पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधा पण टाकीवाल्याला त्रास व्हायला नको एवढंच. केबल शेवटी आरजी-६ घेतली, एफ कनेक्टर दाबून, काकांनी सांगितल्याप्रमाणे रेडियल बरेच खाली वाकवले. नॅनोव्हीएनए वर नेऊन मोजलं, रेडियल वाकवल्यावर एसडब्ल्यूआरचा खड्डा १४३ ला आला होता, कानशीने घासत १४५ वर आणला. सेटपाशी दीडच्या किंचित वर आहे संपूर्ण बँडभर.

रिपीटर खोलीत बसून पूर्ण. हडपसरचे दोघं थेट, रिपीटरशिवाय. तळेगाव नाही, खरखरीत शब्द कळतात पण बोलणं नाही, गणितीबाईंच्या टेकड्या नडल्या.

एकूण खर्चात सगळ्यात महाग वस्तू कनेक्टर आणि ॲडॉप्टर, अँटेना जवळपास फुकटात. एक विचारायचं होतं, हाच अँटेना ४३५ मेगाहर्ट्झला चालेल का? का दुसरा करू?

तारवाला
वा वा! ४३५ म्हणजे १४५ ची तिप्पट, त्यामुळे तुमचा पाव तरंगाचा दांडा तिथे पाऊण तरंगाचा होतो आणि मीटरवर बऱ्यापैकी जुळलेला दिसतो. चालेल. पण पाऊण तरंगाला बराच जोर वरच्या कोनात जातो, क्षितिजाकडे कमी, म्हणून जवळच्या आणि उंचावरच्या रिपीटरला ठीक, हडपसरला थेट बोलायला तेवढा नाही. शिवाय तुमची केबल ४३५ ला जवळपास दुप्पट खाते. वेगळाच करा, दांडा १६ सेंमीच्या आसपास, सायकलच्या पाच स्पोकांतून अख्खा अँटेना निघेल.

डिशवाला
आरजी-६ चालली हे नोंदवून ठेवा कोणीतरी.

सदाशिव_पेठी
दीडच्या किंचित वर आहे म्हणालेत ते. किंचित वर.

बाकरवडी
ब्रेझिंग रॉड सुटे देतात का? मी आज विचारलं तर किलोवर घ्या म्हणाला.

नवा_व्हीयू३
मलाही तेच म्हणाला होता. पाच द्या म्हटलं, तोंड वाकडं केलं, मग दिले. तुम्ही लायसन्सचा फॉर्म भरलात की काय?

बाकरवडी
भरतोय. तोवर बनवून ठेवतो, पीटीटी (बोलायचं बटण) दाबणार नाही.